बाळाची नजर आणि मेंदूची घडण

बाळाच्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरे दिसले, तरी ‘थोडे मोठे होऊ द्या, मग दाखवू’ असे सातारा-सांगलीकडे आम्ही अनेकदा ऐकतो. जन्मजात मोतीबिंदूत ही वाट पाहणे नजरेवर बेतते.

१९६३ साली ह्युबेल व वीझेल यांनी मांजरीच्या पिलांच्या एका डोळ्याच्या पापण्या काही काळ शिवून ठेवल्या. पुढे डोळा उघडला, डोळा धडच होता. पण मेंदूने त्याची दखल घेणे सोडले होते!

असे का? मेंदूतील पेशींवर ग्लुटामेट हे रसायन टिपणारे एनएमडीए ग्राही असतात. डोळ्याकडून विद्युत्-संदेश आले तरच ते वेळेवर प्रौढ होतात. अंधारात वाढवलेल्या उंदरांना उजेड दाखवताच काही तासांत या ग्राहींचे घटक बदलू लागतात, असे १९९९ साली दिसून आले. जन्मजात दाट मोतीबिंदू म्हणूनच साधारण पहिल्या दोन महिन्यांतच काढतात.