क्लाउनफिशची जोडी घरी अंडी घालते तेव्हा



नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे असलेला मासा मुलांना दाखवला की ती एका सुरात ‘निमो!’ म्हणतात. २००३ साली आलेल्या ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटामुळे क्लाउनफिश घराघरांत पोहोचला. दुकानात तो दिसला की ‘आपण घेऊया ना’ हा हट्ट ठरलेलाच. आणि एकदा जोडी घरी आली की पुढचा प्रश्न येतो, ‘यांना पिल्लं कधी होणार?’ या प्रश्नातून शाळेतले तीन-चार पाठ सहज शिकवता येतात. पण त्यात जिवंत प्राण्याची जबाबदारीही आहे, म्हणून आधी नीट समजून घेऊ.

पहिली गोष्ट ऐकून मुलं चकित होतात. दुकानदाराकडे ‘एक नर, एक मादी द्या’ असं मागून उपयोग नाही. क्लाउनफिशची सगळी पिल्लं सुरुवातीला ना धड नर असतात ना मादी. एका समुद्रफुलात राहणाऱ्या गटात जो सगळ्यात मोठा आणि दांडगा, तो मादी होतो. त्याच्या खालोखालचा नर होतो, आणि बाकीचे लहानच राहतात. मादी मेली तर नराचं रूपांतर मादीत होतं, आणि लहानांपैकी एक जण नर बनतो. हान्स आणि सिमोन फ्रिके या संशोधकांनी १९७७ मध्ये यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. म्हणजे चित्रपटातल्या गोष्टीत आई गेल्यावर बाबा काही दिवसांनी आई व्हायला हवा होता! वर्गात हे सांगताना काही शिक्षक अवघडतात. माझ्या मते अवघडण्यासारखं काहीच नाही. निसर्गात जशी व्यवस्था आहे तशी सरळ सांगावी. मुलं ती आपल्यापेक्षा सहज स्वीकारतात.

म्हणून जोडी हवी असेल तर दोन लहान मासे घ्यायचे, एक थोडा मोठा आणि एक थोडा छोटा. तीन घेऊ नका, कारण जोडी जमली की तिसऱ्याला मारून मारून जेरीस आणतात. काही दिवस मोठा छोट्याला पळवतो, आणि छोटा त्याच्यापुढे अंग थरथरवतो. मुलांना वाटतं तो आजारी पडला. प्रत्यक्षात तो ‘तू मोठा, मी लहान’ हे मान्य करत असतो. इथून अंडी घालेपर्यंत वर्षभर किंवा त्याहून जास्त काळही लागू शकतो. ज्या घरात एवढा धीर नाही, तिथे गोड्या पाण्यातले गप्पीच बरे.

दुकानदाराला हे मासे हॅचरीतले की समुद्रातून पकडलेले, हे जरूर विचारा. हॅचरीतले मासे टाकीत लवकर रुळतात आणि प्रवाळ बेटांवरचा भारही वाढत नाही. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास यशस्वी केली आहे. जिवंत प्रवाळ मात्र कुणी देऊ केला तरी घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. समुद्रफुलाचीही गरज नाही. त्याला प्रखर प्रकाश आणि जुनी, स्थिरावलेली टाकी लागते. नाहीतर ते मरतं आणि सगळं पाणी नासवतं. क्लाउनफिश मातीच्या साध्या कुंडीलाही आपलं घर मानतात.

आता पाणी. एका जोडीला निदान ७५ ते १०० लिटरची टाकी हवी. आरओच्या पाण्यात मत्स्यालयाचं समुद्री मीठ मिसळून सापेक्ष घनता १.०२५ च्या आसपास आणि तापमान २६ ते २८ अंश सेल्सिअस ठेवायचं. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. मासे आणण्याआधी चार ते सहा आठवडे फिल्टर चालवावा लागतो. तेवढ्यात उपयोगी जीवाणू वाढतात आणि ते अमोनियाचं नायट्राइटमध्ये, नायट्राइटचं नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्रोजन चक्राची आकृती फळ्यावर काढण्यापेक्षा टेस्ट किटच्या नळीतला बदलता रंग मुलांच्या जास्त लक्षात राहतो. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी कमी झालं की मुलांना विचारा, ‘भर कसल्या पाण्याची घालायची?’ बरीच मुलं ‘खारं’ म्हणतील. मग मिठागर आठवायला सांगा. पाण्याची वाफ होते, मीठ मागे उरतं. म्हणून भर गोड्या पाण्याची घालायची.

जोडी मोठी झाली की तिला अंडी घालायला प्रवृत्त करायचं म्हणजे खरं तर तिला निश्चिंत ठेवायचं. रोज ठरल्या वेळी दिवा लावायचा आणि बंद करायचा, साधारण बारा तास उजेड. दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं, बदलतं खाणं द्यायचं. स्वच्छ धुऊन बारीक चिरलेली ताजी कोळंबी त्यांना फार आवडते. त्रास देणारे दुसरे मासे नकोत, आणि काचेवर टकटक तर अजिबात नको. टाकीत एक फरशीचा तुकडा किंवा कुंडी तिरकी ठेवा. मादीचं पोट फुगलं आणि नर ती जागा तोंडाने घासून साफ करू लागला की समजा, अंडी एक-दोन दिवसांवर आली.

अंडी बहुधा दुपारनंतर घातली जातात, शंभरापासून कित्येक शेपर्यंत. रंग भडक नारिंगी. नर पंखांनी त्यांना वारा घालतो आणि मेलेली अंडी वेचून काढतो. पहिल्या एक-दोन वेळी आईबाप अंडी खाऊनही टाकतात. मुलं रडतील, पण यात कुणाचं काही चुकलेलं नसतं. अंडी हळूहळू तपकिरी होतात, मग प्रत्येकात दोन चंदेरी डोळे चमकू लागतात. साधारण सातव्या-आठव्या दिवशी, दिवा मालवल्यानंतर तासा-दोन तासांत ती फुटतात. मुलांना रोज एक चित्र काढायला सांगा, भिंगातून पाहून. हे सात दिवस म्हणजे अख्खा पाठ आहे.

यापुढचा टप्पा अवघड आहे. जेमतेम तीन-चार मिलिमीटरची पिल्लं टाकीत राहिली तर फिल्टरमध्ये किंवा दुसऱ्याच्या पोटात जातात. वाढवायची असतील तर त्या संध्याकाळी अंड्यांची कुंडी, त्याच टाकीचं पाणी भरलेल्या वेगळ्या छोट्या टाकीत हलवायची. बाजूंना काळा कागद लावायचा आणि हवेचे बुडबुडे अगदी मंद सोडायचे. पहिलं खाणं रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव. ते अंड्यांच्या आधीच वाढवून तयार लागतात, कारण पिल्लं थांबत नाहीत. आठवड्याभराने आर्टेमियाची नुकती बाहेर पडलेली पिल्लं द्यायची. दहाव्या-बाराव्या दिवसाच्या आसपास पांढरा पट्टा उमटू लागतो.

तीनशेतली किती जगतील? पहिल्या खेपेला दहा-वीस जगली तरी पुष्कळ. हे मुलांना आधीच सांगा, आणि जगलेल्यांचं पुढे काय करायचं हेही आधीच ठरवा. माशांच्या दुकानाशी किंवा दुसऱ्या पाळणाऱ्या कुटुंबाशी बोलून ठेवा. ‘मुक्त करू’ म्हणून खाडीत किंवा समुद्रात सोडणं नको. कोकण किनारा हे त्यांचं घर नाही. तेवढी तयारी नसेल, तर अंडी आईबापांजवळच राहू द्या आणि फुटेपर्यंतचं निरीक्षण करा. त्यात काही कमीपणा नाही.

जोडी एकदा लागती झाली की दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा अंडी घालते. तेव्हा पहिली पिल्लं गेली तरी रोटिफरची बरणी धुऊन ठेवू नका, तिला खाद्य घालत राहा.