आधी तुटलेले धागे मोज

लालबाग

चि. भाच्यास,

लोअर परळच्या ज्या आवारात तुझं ऑफिस आहे, तिथे पूर्वी गिरणी होती. कोण किती काम करतो हे मोजून ते वाढवायची जबाबदारी तुझ्यावर आल्याचं तुझ्या आईने सांगितलं. तक्ता आखण्याआधी याच भागात जवळपास शंभर वर्षांपूर्वी झालेली एक मोजणी समजून घे.

१९२० नंतरच्या दशकात जपानी कापडाने मुंबईच्या गिरण्यांना जेरीस आणलं होतं. ई. डी. सॅसून समूहाने खर्च कमी करायला नवी पद्धत आणली. दोन साचे, म्हणजे माग, सांभाळणाऱ्या विणकराकडे तीन दिले, कताई खात्यात सूत कातायच्या यंत्राच्या एका बाजूऐवजी दोन. कागदावर हिशोब चोख: सहाशे साच्यांना तीनशेऐवजी दोनशे माणसं. उरलेल्या शंभरांनी गावी जाऊन काय करायचं, हा रकाना त्यात नव्हता.

आणखी एक गोष्ट अशा हिशोबात सहज सुटते, आणि तुझा संबंध तिच्याशीच जास्त. साचा नीट चालतो तेव्हा विणकराला फक्त लक्ष ठेवायचं असतं. त्याची दमछाक होते साचा थांबल्यावर. तुटलेला धागा शोधायचा, गाठ मारायची, ओवायचा, साचा पुन्हा सुरू करायचा; तेवढ्यात शेजारच्या साच्याच्या धोट्यातली कांडी संपलेली. कापूस हलका, सूत कच्चं आणि खात्यातली हवा कोरडी असेल, तर धागे सारखे तुटतात. चांगल्या सुतावर चार साचे झेपतील, वाईट सुतावर दोनही नाकी नऊ आणतील. विणकर तोच, हातही तेच!

अशा बदलांविरुद्ध मुंबईच्या गिरण्यांत २६ एप्रिल १९२८ पासून सार्वत्रिक संप सुरू झाला. दीड लाखाच्या आसपास कामगार ऑक्टोबरपर्यंत बाहेर होते. मग न्यायमूर्ती फॉसेट यांची समिती बसली. मार्च १९२९ मधल्या अहवालात तिने साचे वाढवण्याची कल्पना तत्त्वतः मान्य केली, पण अटी घालून. पुढच्याच महिन्यात दुसरा संप! मालकांची गणितं चुकली होती असं मी म्हणणार नाही. पण ज्याच्या हातात साचा, त्याला आधी विचारलं असतं, तर जवळपास सहा महिने भोंगे मुके राहिले नसते असं मला वाटतं.

पुढे तासाला किती धागे तुटतात हे पाहून साचे ठरवण्याचं शास्त्र गिरण्यांत आलं. १९५४ साली बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन ही संशोधन संस्थाही उभी राहिली.

तुझ्याकडे साचे नाहीत, पण धागे तुटत असणारच. सर्वांत मागे पडणाऱ्या माणसाशेजारी एक आठवडा बस. काम कुठे अडतं, कोणाच्या सहीसाठी, कोणत्या कागदासाठी, किती मिनिटं, एवढंच वहीत लिही. त्याचं नाव मात्र लिहू नकोस. लिहिलेलं आधी त्यालाच वाचून दाखव, साहेबांना नंतर.

गणपतीला येशील तेव्हा ती वही आण. मामी विचारतेय, उकडीचे किती करू.

तुझा मामा