कपाशीत उभे, अ‍ॅपवर गटाबाहेर

गुलाबी बोंडअळी आणि सोयाबीनवरचा पिवळा मोझॅक या महिन्यात बाजूला ठेवतो. सध्या पैठण, गंगापूर, फुलंब्री, कुठूनही फोन आला की तक्रार एकच असते. "साहेब, मी माझ्याच कपाशीत उभा आहे आणि ई-पीक पाहणीचं अ‍ॅप म्हणतंय, गटापासून लांब आहात." पिकाचा फोटो गटापासून ५० मीटरच्या आत घ्यावा लागतो. पाहणी राहिली तर सातबाऱ्यावर पीक चढत नाही, आणि मग हमीभाव खरेदी, विमा, नुकसानभरपाई या तिन्ही ठिकाणी अडते. अ‍ॅप कसे वापरायचे हे २०२१ पासून सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात जागा घालवत नाही.

बहुतेक वेळा दोष घाईचा असतो. किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाल्याशिवाय मोबाइलला आपली जागा नीट कळत नाही. लोकेशन नुकतेच चालू केले असेल तर तोवर तो टॉवरवरून अंदाज बांधतो किंवा आधीचे ठिकाण तसेच दाखवतो. टॉवरचा अंदाज खेड्यात किलोमीटरभरसुद्धा चुकतो. गंगापूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचे सगळे फोटो गावातल्या चौकातले निघत होते. गडी मोटारसायकलवरून उतरला की लगेच फोटो काढी. त्याला बांधावर दम धरायला लावला, आणि त्याच मोबाइलवर त्याच दिवशी काम झाले.

म्हणून शेतात पोचल्यावर आधी नकाशा उघडा. निळ्या ठिपक्याभोवतीचे फिकट वर्तुळ आक्रसून ठिपक्याला चिकटेपर्यंत थांबा. दोन-तीन मिनिटे लागतील, रेंज नसेल तर जास्त. उघड्या आभाळाखाली साधा मोबाइल पाचेक मीटरपर्यंत बरोबर येतो. बॅटरी बचत बंद ठेवा आणि 'अचूक लोकेशन'ची परवानगी द्या. उभे राहायचे ते शेताच्या मध्यावर; बाभळीच्या सावलीत किंवा गोठ्याच्या पत्र्याखाली नको. वाटण्या होऊन पट्टे इतके अरुंद झाले आहेत की बांधावरून काढलेला फोटो सहज भावकीच्या गटात जातो. कन्नडच्या घाटाकडे उंच कड्याशेजारच्या शेतात संदेश कड्यावर आपटून येतात, ठिपका उड्या मारतो. तिथे कड्यापासून जितके दूर जाता येईल तितके जा.

आता गावोगावचे उपाय. मोबाइल हवेत आठाच्या आकड्यासारखा फिरवल्याने होकायंत्र सुधारते, ठिकाण नाही. ट्रॅक्टरवर चढून काही साधत नाही. 'जीपीएस वाढवणारी' अ‍ॅप्स काढून टाका. ढग आहेत म्हणून काम लांबवू नका, ढगांनी फारसा फरक पडत नाही. आणि घरी बसून खोटे लोकेशन लावून देणारी जी मुले सध्या पैसे घेत फिरत आहेत, त्यांना दारात उभे करू नका. ती सरकारी नोंदीतली फसवणूक आहे आणि तपासणीत सापडता तुम्ही.

ठिबकच्या कागदांवर अक्षांश-रेखांश हाताने लिहिणाऱ्यांनीही ऐकावे. १९ अंश ५३ मिनिटे म्हणजे दशांशात १९.८८. एकाने ते सरळ १९.५३ लिहिले आणि शहरालगतचे शेत कागदावर ३९ किलोमीटर दक्षिणेला, पैठणच्या बाजूला गेले. आधी अक्षांश १९, मग रेखांश ७५ हा क्रम उलटला तर तेच शेत युरोपच्या उत्तरेला बर्फाळ समुद्रात पडते. दशांशानंतर पाच आकडे लिहा. पाचवा आकडा साधारण एका मीटरचा असतो. तीनच लिहिलेत तर शंभर मीटरचा घोळ होतो. नुकसानीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की आतली ठिकाणाची नोंद गळते, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

हे सगळे करूनही अ‍ॅप लांबच दाखवत असेल, तर गट नकाशा सरकलेला असू शकतो. मग पुन्हा पुन्हा फोटो काढत बसू नका. पडद्याचा स्क्रीनशॉट घेऊन ग्राम महसूल अधिकाऱ्याला किंवा गावच्या पीक पाहणी सहायकाला शेतात बोलवा, आणि तेही मुदतीच्या शेवटच्या दिवसावर ढकलू नका. नोंद झाली पण पीक चुकले असेल, तर ४८ तासांत एकदाच दुरुस्ती करता येते.