न फळणारे झाड

हा पाठ वाचल्यानंतर फायटोप्लाझ्मा म्हणजे काय, त्यांच्यामुळे होणारे रोग कसे पसरतात आणि रोगट झाड वेळीच का उपटावे, हे तुम्हांला सांगता येईल.

वांग्याच्या शेतात कधी कधी एखादे झाड इतरांहून वेगळे दिसते. त्याची पाने बारीक व फिकट होतात, पेरे आखूड होतात आणि फांद्यांवर पानांचे झुबके येतात. फुले बहुधा येत नाहीत. आलीच तर ती हिरवी, पानांसारखी असतात. झाड वाळत नाही, म्हणून शेतकरी आशेने खतपाणी देत राहतो. फळ मात्र धरत नाही. या रोगास पर्णगुच्छ म्हणतात.

असे रोग विषाणूंमुळे होतात, असा पूर्वी समज होता. १९६७ मध्ये जपानमधील योजी दोई व त्यांच्या सहकाऱ्यांनी तुतीच्या खुरटलेल्या झाडांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली. त्यांना रसवाहिन्यांत विषाणूंऐवजी निराळेच सूक्ष्मजीव आढळले. पुढे त्यांना ‘फायटोप्लाझ्मा’ हे नाव मिळाले.

फायटोप्लाझ्मा हे एक प्रकारचे जीवाणूच होत. परंतु त्यांना पेशीभित्तिका नसते. केवळ पातळ पटलाने वेढलेले असल्याने त्यांचा आकार निश्चित राहत नाही. पेनिसिलिन पेशीभित्तिकेच्या निर्मितीवर आघात करते. जिथे भित्तिकाच नाही, तिथे ते निष्प्रभ ठरते. टेट्रासायक्लिनने लक्षणे काही काळ दबतात, पण औषध थांबताच रोग पुन्हा डोके वर काढतो.

हे जीव वनस्पतीच्या रसवाहिन्यांत राहतात आणि तिथे प्रथिने सोडून झाडाच्या वाढीची दिशाच बदलतात. म्हणूनच फुलाच्या जागी पान येते.

त्यांचा प्रसार मुख्यतः तुडतुड्यांमुळे होतो. तुडतुडा रोगट झाडाचा रस शोषतो. फायटोप्लाझ्मा त्याच्या शरीरात वाढतात, लाळेत उतरतात आणि तो पुढे ज्या निरोगी झाडावर बसेल त्यात शिरतात. रोगट कलमे आणि अमरवेल यांमधूनही ते पसरतात. उसावरील गवताळ वाढ हा रोग तर बेण्यातूनच नव्या शेतात जातो. म्हणून बेणे निरोगी निवडावे आणि त्यावर सुमारे ५४ अंश सेल्सिअस तापमानाच्या बाष्पयुक्त उष्ण हवेची प्रक्रिया करावी.

एकदा रोग जडला की शेतातील झाड बरे करण्याचा खात्रीचा उपाय नाही. हिरवेगार दिसणारे ते झाड फळ देत नाही, उलट शेजारच्या झाडांना रोग देते. म्हणून लक्षणे दिसताच ते उपटून नष्ट करावे, तुडतुड्यांचे नियंत्रण करावे आणि बांधावरील तण काढावे. एका झाडाचा मोह सोडला, तरच उरलेले पीक वाचते.

शब्दार्थ
पेशीभित्तिका – पेशीभोवतीचे कठीण आवरण
रसवाहिनी – पानांत तयार झालेले अन्न वाहून नेणारी नलिका
बेणे – लागवडीसाठी वापरलेले उसाचे तुकडे

स्वाध्याय
१. फायटोप्लाझ्मांवर पेनिसिलिनचा परिणाम का होत नाही?
२. तुडतुड्यांमुळे रोग कसा पसरतो, ते क्रमाने लिहा.
३. ‘झाड हिरवे आहे, म्हणजे ते निरोगी आहे.’ हे विधान योग्य आहे का? सकारण लिहा.