घर दोघांचं, कागद एकाचे

निवृत्तीनंतर थायलंडला जाऊन राहावं, असा विचार करणारी जोडपी हल्ली मला वरचेवर भेटतात. भाडं किती पडतं, भाजी मिळते का, डॉक्टर कसे आहेत, असं विचारतात. या सगळ्याची उत्तरं चांगलीच आहेत. चियांग मायमध्ये आम्ही सुखात राहिलो. पुण्यात बरी जागा जेवढ्या भाड्यात मिळते त्याहून कमी भाड्यात तिथे ऐसपैस घर मिळालं, डिसेंबर-जानेवारीची हवा महाबळेश्वरची आठवण करून देणारी, माणसं मृदू बोलणारी. पण एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, बायका तर नाहीच: दोघांपैकी एकजण गेला, तर मागे राहिलेल्याचं तिथे काय होतं?

हे गेले ते तिसऱ्या वर्षी, रात्री झोपेत. त्यानंतर जे झालं ते सांगते, कारण त्यातलं बरंचसं आधी ठाऊक असतं तर टळलं असतं.

तिथे वयाची 50 वर्षं पूर्ण केलेल्या परदेशी माणसाला निवृत्त म्हणून वर्षावर्षाचा परवाना मिळतो. त्याची नेहमीची अट म्हणजे थाई बँकेत 8 लाख बाट, आपल्याकडचे 20 लाख रुपयांहून अधिक. अर्जाच्या दोन महिने आधीपासून ते खात्यात हवेत, परवाना मिळाल्यावर आणखी तीन महिने हलवायचे नाहीत आणि त्यानंतरही 4 लाखांच्या खाली जाऊ द्यायचे नाहीत. दोघांनी स्वतंत्र अर्ज केले तर ही रक्कम दुप्पट लागते. म्हणून बहुतेक जोडपी एकाच्या नावावर परवाना काढतात आणि दुसरा त्याच्यावर अवलंबून म्हणून राहतो. तो एक म्हणजे नवरा, हे गृहीतच असतं. आमच्याकडेही पैसे, खातं, घराचा करार, विजेचं बिल, सगळं यांच्या नावावर. माझा परवाना यांच्या परवान्याला जोडलेला.

मृत्यूची खबर मिळताच बँकेने खातं गोठवलं. भारतात आपण नॉमिनी नेमतो, तशी सोय तिथे आम्हाला मिळाली नव्हती. पैसे सोडवायचे तर थाई कोर्टात अर्ज करून मालमत्तेचा व्यवस्थापक नेमून घ्यावा लागतो. त्याला वकील, नोटिसा, तारखा आणि बरेच महिने. इकडे माझ्या परवान्याचा आधारच गेलेला. स्वतःच्या नावाने नवा परवाना काढायचा तर 8 लाख बाट माझ्या खात्यात हवेत. तेवढे पैसे त्याच शहरातल्या बँकेत पडून होते, आणि मला त्यांना हात लावता येत नव्हता.

अंत्यसंस्काराला अडचण आली नाही. थाई बौद्धही दहन करतात, त्यामुळे देवळाच्या आवारातल्या स्मशानात सगळं रीतसर झालं. शेजारी थाई कुटुंब होतं, ते चार दिवस आमच्याकडेच होते. त्यांचं ऋण मी विसरणार नाही. त्रास झाला तो कागदांचा. मृत्यूचा दाखला थाई भाषेत मिळतो. त्याचं भाषांतर, मग थाई परराष्ट्र खात्याचा शिक्का, मग आपल्या वकिलातीचा. त्यात माझ्या पासपोर्टवर सासरचं नाव आणि पदवीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं. आमच्या पिढीत लग्नात मुलीचं आडनावच काय, पहिलं नावही बदलत. थाई अधिकाऱ्याला हे समजावताना माझी पुरती दमछाक झाली. शिवाय थाई लिपीत माझं नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर वेगळं लिहिलं गेलं, तर पुन्हा पहिल्यापासून.

अस्थी घेऊन नाशिकला निघाले तेव्हा शेजारच्या इमारतीतल्या जर्मन बाईंनी विचारलं, परत येण्याचा परवाना घेतला का? तो न घेता देश सोडला तर मुक्कामाचा परवाना तिथल्या तिथे संपतो. एका फेरीचे 1,000 बाट. त्यांनी विचारलं नसतं तर घरातलं सामान आवरायलाही मला नव्याने व्हिसा काढावा लागला असता.

भारतातली गोष्ट अगदी उलटी. इथून जाताना आमची बचत खाती एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांची, करून घेतली होती आणि दोघांच्या नावावर ठेवली होती, दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहील त्याने चालवावीत अशी. ते पैसे मला लगेच मिळाले. घर चाललं ते त्यावर, आणि थाई वकिलाची फीही त्यातूनच गेली.

बाकीचं थोडक्यात सांगते. फेब्रुवारी ते एप्रिल चियांग मायची हवा धुराने भरते. शेतं आणि जंगलं जळतात, आणि शहर खोऱ्यात असल्यामुळे धूर अडकतो. दम्याच्या माणसाने तिथे जाऊ नये. इथला मेडिक्लेम तिथे सहसा चालत नाही आणि सत्तरीनंतर नवा विमा मिळणं कठीण. वर्षात 180 दिवस राहिलात की तुम्ही तिथले करदाते होता आणि 2024 पासून बाहेरून आणलेल्या उत्पन्नावरही कर लागू शकतो, तेव्हा दोन्हीकडच्या सल्लागाराला विचारा. परदेशी माणसाला जमीन घेता येत नाही, सदनिका घेता येते. तरी मी म्हणेन भाड्याने राहा.

आता बायकांना सांगते. जाण्याआधी यजमानांसमोर बसून विचारा, माझा परवाना कुणाच्या नावावर? थाई बँकेत माझं स्वतःचं खातं आहे का? दोघांचे स्वतंत्र परवाने परवडत असतील तर तेच करा. परवडत नसतील तर निदान बायकोच्या परवान्यापुरते पैसे भारतात अशा खात्यात ठेवा जिथून ती एकटी सही करून ते पाठवू शकेल. थायलंडमधल्या पैशांसाठी तिथल्या वकिलाकडून थाई मृत्युपत्र करून घ्या. कोर्ट त्यानेही टळत नाही, पण व्यवस्थापक कोण हा प्रश्न उरत नाही. नाव बदललेलं असेल तर राजपत्रातली नोंद किंवा प्रतिज्ञापत्र आधीच तयार ठेवा.

आणि विवाह नोंदणीचा दाखला. आमच्या वयाच्या कितीतरी जोडप्यांकडे तो नाही. मंगल कार्यालयात लग्न झालं, पत्रिका आणि फोटो आहेत, तेवढ्यावर आयुष्य निघालं. आम्ही जाण्याआधी महापालिकेत जाऊन तो काढला होता, म्हणूनच थाई कोर्टात मी यांची पत्नी आहे हे सिद्ध करता आलं. तुमच्याकडे नसेल तर याच महिन्यात काढा. त्या नोंदणीला नवरा आणि बायको, दोघांनाही सहीसाठी समोर हजर राहावं लागतं.