वनरक्षकाची पाठपिशवी : नव्या पोरापोरींसाठी कानमंत्र

पोरांनो, पोरींनो, तुमच्यातल्या कुणाला ताडोब्यात बीट मिळालं असेल, कुणाला आलापल्ली-भामरागडकडे. रोजची गस्त असो की दर चार वर्षांनी येणारी व्याघ्रगणना, तुम्हाला पायीच जायचं आहे. मांसभक्षी प्राण्यांच्या खुणा शोधायला एकेका बीटात निदान १५ किलोमीटर चालणं होतं. त्याशिवाय ट्रान्सेक्टची, म्हणजे प्राणी मोजायची ठरलेली सरळ रेषा सकाळी सकाळी पुन्हा पुन्हा चालायची. जीपीएस, होकायंत्र, अंतर मोजायचं रेंजफाइंडर, मोबाइल, पाणी, डबा, सगळं पाठीवर. म्हणून बुटाइतकीच पिशवीही पारखून घ्या.

२००६च्या गणनेपासून पद्धत बदलली. त्याआधी आम्ही पाऊलठसे काचेवर उतरवायचो, प्लास्टर ऑफ पॅरिसचे साचे घ्यायचो आणि ते ओझं एका खांद्याच्या झोळीत वाहायचो. झोळी पुढे सरकते, एक हात तिला सावरण्यातच जातो. जंगलात दोन्ही हात, दोन्ही कान आणि नजर मोकळी हवी. पिशवीची कसोटी तेवढीच.

२० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोब्याच्या कोलारा परिक्षेत्रात गणनेच्या कामावर पायी असताना वनरक्षक स्वाती ढुमणे वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. कुठलीही पिशवी वाघाला अडवत नाही. पण तुमचं लक्ष घसरणाऱ्या पट्ट्यात अडकलं असेल, तर चितळाची धोक्याची हाक ऐकायची राहून जाईल.

माप आधी ठरवा. दिवसाच्या कामाला २० ते २५ लिटरची पिशवी पुरते. मोठी घेतली की ती भरतेच. कॅमेरा ट्रॅप लावायला जाताना मात्र मोठी लागते, कारण प्रत्येक ठिकाणी वाटेच्या दोन्ही बाजूंना मिळून दोन कॅमेरे, शिवाय पट्टे आणि बॅटऱ्या. बॅटऱ्यांचं वजन पाठीला चिकटून, मधोमध ठेवा. तळाशी किंवा बाहेरच्या खिशात ठेवलंत तर नाला चढताना पिशवी मागे ओढते.

दुकानात रिकामी पिशवी पाठीवर टाकून आरशात बघू नका. आपलं सामान सोबत न्या, तिथेच भरा, वाका, उकिडवे बसा, उठा. खांद्याचा पट्टा पिशवीला जिथे शिवलेला असतो, तिथे जोर लावून ओढून बघा. पिशवी पहिल्यांदा तिथेच उसवते. मोच्याकडून तेवढी जागा नायलॉनच्या दोऱ्याने दुहेरी शिवून घ्या.

आवाजाची परीक्षा घरच्या अंगणात करा. भरलेली पिशवी पाठीवर घेऊन चार उड्या मारा. चेनची टिकली, किल्ल्या, स्टीलची बाटली, जे वाजेल ते कापडाने गुंडाळा. वेल्क्रोचं झाकण असलेली पिशवी घेऊच नका. पहाटेच्या शांततेत ते उघडलं की कर्रकन आवाज होतो आणि तुम्ही नोंद करायच्या आत चितळांचा कळप निघून जातो.

लोंबणारे पट्टे कापून टाका किंवा आत खोचा. बांबूच्या रांजीत ते हमखास अडकतात. कंबरेचं बक्कल एका हाताने सुटलं पाहिजे. अस्वल समोर आलं तर ओझं क्षणात टाकता यायला हवं.

आता हे नीट ऐका. हल्ली काही पिशव्यांच्या बक्कलात लोहचुंबक असतो. तो होकायंत्राजवळ आला की सुई फिरते, ट्रान्सेक्टवर प्राण्याची दिशा चुकीची नोंदली जाते आणि पुढचं सगळं गणित बिघडतं. होकायंत्र छातीच्या एका खिशात, मोबाइल दुसऱ्या बाजूला, दोन्ही दूर दूर ठेवा. जीपीएस खांद्याच्या पट्ट्यावर, वर आभाळ दिसेल असं बांधा. पिशवीच्या तळाशी पडलं तर सिग्नल धड मिळत नाही.

मेमरी कार्डाला वेगळी, झाकणाची छोटी डबी करा आणि प्रत्येक कार्डावर ठिकाणाचा क्रमांक लिहा. दोन कार्डं अदलाबदल झाली तर वाघाचा फोटो असूनही तो कुठला हे सांगता येत नाही. संपलेल्या बॅटऱ्यांना स्वतंत्र खिसा ठेवा. एकही बॅटरी जंगलात राहू देऊ नका.

पाण्याची एकच मोठी बाटली नको. दोन्ही बाजूंना एकेक ठेवा, तोल राहतो. उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा काळ्या पिशवीत मोबाइल तापून बंद पडतो. मातकट किंवा फिक्या रंगाची घ्या. गडचिरोलीत लष्करी छापाची पिशवी टाळा. तिथे लांबून बघणाऱ्याचा गैरसमज जिवावर बेतू शकतो. पिशवी कुठे बेवारस टाकूनही जाऊ नका.

पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा दिवसांत वरचं प्लास्टिकचं आवरण काट्यांनी फाटतं आणि चालताना खसखसतं. त्यापेक्षा जाड प्लास्टिकची पिशवी आतून लावा आणि कागद, मोबाइल, पॉवर बँक तिच्यात ठेवून तोंड पिळून बांधा.

थांबाल तेव्हा पिशवी जमिनीवर ठेवू नका, फांदीला अडकवा. फांदीवर लाल मुंग्यांचं घरटं नाही ना, तेवढं आधी बघा. विंचू पिशवीत शिरतो. पुन्हा पाठीवर घेताना झटकून घ्या.

रात्रीच पिशवी भरून ठेवा आणि प्रत्येक वस्तूची जागा ठरवून टाका. अंधारात हात घातला तरी विजेरी सापडली पाहिजे. सरकारी पिशवी तुमच्या अंगाला बसत नसेल तर गप्प बसू नका, परिक्षेत्र अधिकाऱ्यांना सांगून बदलून मागा. आणि पिशवी कितीही चांगली असली तरी सोबतीला वनमजूर असल्याशिवाय बीटात पाऊल टाकू नका.