हातमशीनवरचा टाका : पिशवीपासून गोधडीपर्यंत

सदऱ्याचे तुटलेले बटण तुम्ही कधी ना कधी सुईदोऱ्याने लावले असेल. हाताने शिवताना सुई कापडाच्या एका बाजूने आत शिरते व दुसऱ्या बाजूने पूर्ण बाहेर येते. तिच्यामागून दोऱ्याचे टोकही कापडातून पार होते, म्हणून टाका पडतो. आता शिलाईच्या यंत्राकडे पाहा. त्याची सुई वरच्या दांड्याला घट्ट बसवलेली असते. ती कापडातून खाली जाते आणि आल्या वाटेने परत वर येते. दोऱ्याचा दुसरा शेवट रिळावर गुंडाळलेला असतो, तो कापडातून कधीच पार होत नाही. मग सुई वर येताना दोराही तसाच वर का निघून येत नाही? टाका पडतो तरी कसा?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी हाताने फिरवायचे जुने यंत्र, म्हणजे हातमशीन, सर्वांत सोयीचे. विजेच्या यंत्राची सुई इतक्या वेगाने हलते, की डोळ्यांना काही दिसत नाही. हातमशीन मात्र तुम्ही फिरवाल तेवढेच फिरते. मूठ पाव फेरा फिरवून थांबा, यंत्रही थांबेल. अशी कितीतरी यंत्रे आज माळ्यावर धूळ खात पडली आहेत किंवा भंगाराच्या भावाने विकली जात आहेत. तुमच्या किंवा शेजाऱ्यांच्या घरी एखादे असेल, तर ते विकले जाण्यापूर्वी त्याची ओळख करून घ्या. त्यावर भक्कम पिशवी शिवता येते आणि गोधडीसुद्धा.

नेढे टोकाशी का?

हाताने शिवायच्या सुईचे नेढे मागच्या टोकाला असते. यंत्राच्या सुईचे नेढे मात्र अणकुचीदार टोकाजवळ असते. सुई बोटांत फिरवून पाहा. तिच्या एका अंगाला वरून नेढ्यापर्यंत एक लांब खाच दिसेल. दुसऱ्या अंगाला अशी लांब खाच नसते.

सुई खाली जाते तेव्हा दोरा तिच्या दोन्ही अंगांना असतो. खाचेच्या बाजूचा दोरा खाचेत लपतो, त्यामुळे तो कापडाला फारसा घासत नाही. दुसऱ्या बाजूचा दोरा सुई आणि कापड यांच्यामध्ये दाबला जातो. सुई अगदी खालच्या बिंदूला पोचून सुमारे २ मिलिमीटर वर उचलली जाते. खाचेकडचा दोरा तिच्याबरोबर सहज सरकतो. दुसऱ्या बाजूचा दोरा घर्षणामुळे कापडात अडकून राहतो. त्याला वर जाता येत नाही, म्हणून तो कापडाखाली बाहेर फुगतो आणि त्याचा एक लहानसा फास तयार होतो.

नेमक्या याच क्षणी खालचे शटल पुढे येते. विणकराच्या मागावर धोटा असतो ना? तेच काम इथे शटल करते. काही जुन्या यंत्रांत ते होडीच्या आकाराचे असते आणि त्याच्या पोटात खालच्या दोऱ्याची बॉबिन असते. शटलचे टोक फासात शिरते आणि अख्खे शटल, बॉबिनसकट, त्या फासातून पार होते. गोल बॉबिनच्या यंत्रात एक आकडा फास पकडून तो बॉबिनभोवती फिरवतो. परिणाम एकच. वरच्या दोऱ्याच्या फासात खालचा दोरा अडकतो. मग यंत्राच्या पुढच्या बाजूला खालीवर होणारी तरफ वरचा दोरा ओढून घेते आणि टाका आवळला जातो. तेवढ्यात कापडाखालचे दाते वर येऊन कापड एका टाक्याइतके पुढे सरकवतात.

आता कोडे सुटले! दोऱ्याचे टोक कापडातून पार होत नाही हे खरे, पण खालच्या दोऱ्याची सगळी गुंडाळीच फासातून पार होते.

टोकाशी नेढे असलेली सुई आणि शटल यांच्या जोडीने असा टाका घालणाऱ्या यंत्राचे पेटंट अमेरिकेतील इलायस हाउ यांना १० सप्टेंबर १८४६ रोजी मिळाले. आयझॅक सिंगर यांनी १८५१ मध्ये आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. दात्यांनी कापड पुढे सरकवण्याची पद्धत अ‍ॅलन विल्सन यांनी १८५४ मध्ये पेटंट केली. आपल्याकडे १९३० च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ यंत्रे बनवायला सुरुवात केली. यंत्रांच्या हव्यासावर कडक टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ मध्ये एका संवादात सिंगरच्या शिलाईयंत्राचा अपवाद केला होता.

मुठीच्या एका फेऱ्यात किती टाके?

हातमशीनची मूठ एका मोठ्या दंतचक्राला जोडलेली असते. ते चक्र लहान दंतचक्राला फिरवते आणि लहान चक्र यंत्राच्या जड चाकाला. मोठ्या चक्राला लहान चक्राच्या तिप्पट दाते असतील, तर मुठीच्या एका फेऱ्यात यंत्राचे चाक तीनदा फिरेल आणि तीन टाके पडतील. बहुतेक हातमशीनांत हे प्रमाण तीनच्या जवळपास असते.

वेग तिप्पट झाला, पण फुकट नाही. फिरवण्याचा जोर तेवढाच कमी होतो. मग सुई जाड कापडात घुसते कशी? इथे लोखंडी चाकाचे वजन कामी येते. सुई कापड भोसकते तो काळ फेऱ्याचा थोडाच भाग असतो. उरलेल्या काळात चाकात गतिज ऊर्जा साठते आणि नेमक्या वेळी ती सुईला मिळते. कापडाच्या सहा-सात घड्या एकावर एक आल्या आणि यंत्र अडले, तर अनुभवी माणसे मूठ सोडून चाकालाच हात घालतात. असे केल्याने दंतचक्रांचे प्रमाण टळते आणि हाताचा जोर सरळ मुख्य दांड्यावर पडतो.

गाठ मध्यभागी हवी

दोन दोरे जिथे एकमेकांत अडकतात ती जागा कापडाच्या जाडीच्या मधोमध असली पाहिजे. हे तपासण्यासाठी वर लाल आणि खाली निळा दोरा घालून दुहेरी कापडावर टीप मारा. वरच्या बाजूला निळे ठिपके दिसले, तर वरचा दोरा फार ताणलेला आहे. त्याच्या चकत्यांचा स्क्रू थोडा सैल करा. खालच्या बाजूला लाल ठिपके दिसले, तर स्क्रू थोडा आवळा. दोन्ही बाजूंना आपापलाच रंग दिसला, की यंत्र शिवायला तयार झाले.

हा टाका सहज उसवत नाही. एका जागी दोरा तुटला, तरी शेजारचे टाके आपापल्या जागी अडकलेले राहतात. याउलट सिमेंटच्या पोत्याचे तोंड आठवा. योग्य टोक ओढले, की सगळी शिलाई सरसर निघून येते. तो साखळीटाका असतो, त्यात प्रत्येक फास पुढच्या फासावर अवलंबून असतो. पोते उघडायला तो उत्तम, पिशवी शिवायला मात्र नव्हे.

पिशवी : ओझे किती टाक्यांवर?

जुन्या पँटच्या किंवा पडद्याच्या जाड कापडाची पिशवी घ्या. तिला दोन बंद, म्हणजे बंदांची चार टोके. पिशवीत ५ किलो धान्य असेल, तर प्रत्येक टोकावर सव्वा किलोचा भार येतो. बंद ३ सेंटिमीटर रुंद आणि टाका अडीच मिलिमीटरचा असेल, तर एका आडव्या टिपेत १२ टाके बसतात. म्हणजे एका टाक्यावर सरासरी १०० ग्रॅमहून थोडा अधिक भार.

आता बंदाचे टोक ३ सेंटिमीटरच्या चौकोनात शिवा आणि चौकोनात फुली मारा. चार बाजूंचे ४८ आणि दोन कर्णांचे ३४ असे सुमारे ८२ टाके होतात. सरासरी भार १५ ग्रॅमवर आला! प्रत्यक्षात भार सर्व टाक्यांवर सारखा पडत नाही. काठाजवळच्या टाक्यांवर तो जास्त असतो, आणि चालताना बसणारे हिसके वेगळेच. तरीही पिशव्यांच्या बंदांवर असा चौकोन-फुलीचा नमुना का असतो, हे यावरून कळेल.

मग टाके आणखी बारीक घातले तर? पोस्टाची तिकिटे ओळीने पाडलेल्या छिद्रांवरून पटकन फाटतात, हे आठवा. फार जवळजवळ पडलेली सुईची भोकेही कापड तसेच कमजोर करतात. जाड कापडाला १६ किंवा १८ क्रमांकाची सुई वापरा. १६ क्रमांकाच्या सुईची जाडी १ मिलिमीटर आणि १८ ची १.१ मिलिमीटर असते. म्हणूनच सुईच्या पाकिटावर १०० आणि ११० हेही आकडे छापलेले असतात, ते मिलिमीटरचे शंभरावे भाग होत.

अनेक जुनी यंत्रे उलटी शिवत नाहीत. टीप संपली, की सुई कापडात रुतलेली ठेवून फूट उचला, कापड उलटे फिरवा आणि त्याच टिपेवरून चार-पाच टाके परत या.

गोधडी : दोरा किती लागेल?

जुनी लुगडी, धोतरे, चादरी यांचे थर एकत्र शिवले की गोधडी होते. यंत्रावर शिवायची, तर थर बेताचेच हवेत. दाबल्यावर जाडी ४ मिलिमीटरच्या आत असावी.

टाक्याची लांबी ३ मिलिमीटर आणि जाडी ४ मिलिमीटर धरा. प्रत्येक टाक्यात वरचा दोरा ३ मिलिमीटर आडवा जातो. शिवाय तो अर्ध्या जाडीपर्यंत खाली जाऊन परत वर येतो, म्हणजे आणखी ४ मिलिमीटर. एकूण ७. खालच्या दोऱ्याचेही तसेच. दोन्ही मिळून ३ मिलिमीटरच्या टाक्याला १४ मिलिमीटर दोरा!

गोधडी २१० सेंटिमीटर लांब, १५० सेंटिमीटर रुंद आणि ओळींमधील अंतर ३ सेंटिमीटर असेल, तर सुमारे ५० ओळी होतात. एकूण टीप १०५ मीटर, टाके ३५,००० आणि दोरा सुमारे ४९० मीटर. मुठीच्या एका फेऱ्यात तीन टाके, म्हणून फेरे साधारण ११,७००. मिनिटाला ६० फेरे धरले, तर नुसत्या फिरवण्यालाच सव्वातीन तास लागतात. उजवा हात मुठीवर अडकलेला, म्हणून कापड सांभाळायला फक्त डावा हात. गोधडीला दोघे बसले, तर काम हलके होते.

गोधडी शिवताना दोन अडचणी येतात. पहिली, खालचे दाते खालचा थर पुढे ओढतात आणि वरचा फूट वरच्या थराला मागे धरतो. त्यामुळे थर एकमेकांवर सरकून चुण्या पडतात. यासाठी आधी हाताने लांब धावदोरा घालून सर्व थर एकत्र बांधा. टीप मधल्या ओळीपासून सुरू करा आणि कडांकडे जा. यंत्राच्या कमानीखाली येणारा भाग वळकटीसारखा गुंडाळून ठेवा.

दुसरी अडचण म्हणजे टाका चुकणे. मऊ, जाड थर सुईबरोबर वर उचलले जातात. मग कापड आणि दोरा यांच्यात घर्षण पुरेसे होत नाही आणि फास फुगत नाही. शटल येते आणि रिकाम्या जागेतून निघून जाते. अशा वेळी फुटाचा दाब वाढवा, नवी सुई लावा आणि सावकाश फिरवा.

यंत्राची निगा

बंद पडलेले हातमशीन बहुधा मोडलेले नसते, तर आटलेल्या तेलाने जाम झालेले असते. खाण्याचे तेल घालू नका. हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन बरीचशी खाद्यतेले चिकट, लाखेसारखी होतात, आणि खोबरेल थंडीत थिजते. शिलाई मशीनचे पातळ खनिज तेल प्रत्येक भोकात दोन-दोन थेंब घाला आणि मूठ हळूहळू मागेपुढे हलवा. जोर करू नका. एका दिवसात यंत्र सुटले नाही, तर पुन्हा तेल घालून दुसऱ्या दिवशी प्रयत्न करा. दात्यांखालचा कापसाचा कचरा ब्रशने काढा. सुई चालू असताना बोटे फुटापासून दूर ठेवा आणि पहिली टीप मोठ्यांच्या देखरेखीखाली मारा.

करून पाहा

१. यंत्राच्या दोन्ही दंतचक्रांचे दाते मोजा. भागाकारावरून मुठीच्या एका फेऱ्यात किती टाके पडतील ते सांगा. मग सुईत दोरा न घालता कागदावर शिवून छिद्रे मोजा आणि उत्तर ताडून पाहा.

२. एका कापडावर टाक्याची लांबी २ मिलिमीटर व दुसऱ्यावर ४ मिलिमीटर ठेवून प्रत्येकी २० सेंटिमीटर टीप मारा. टीप उसवून दोन्ही दोऱ्यांची लांबी मोजा. लांबी आणि जाडीच्या हिशेबाने आलेल्या उत्तराशी ती जुळते का?

३. एका पट्टीला बंद एकाच टिपेने आणि दुसऱ्या पट्टीला चौकोन-फुलीने शिवा. दोन्हींना बादली टांगून तिच्यात मापाने पाणी ओता. १ लिटर पाण्याचे वजन १ किलो, बादलीचे वेगळे. कोणती शिवण आधी सुटते? दोरा तुटतो, की कापड फाटते?

तिसऱ्या प्रयोगात कापड आधी फाटले, तर समजा की टाका कापडापेक्षा भक्कम झाला आहे. ती पिशवी बाजारात न्यायला हरकत नाही.